साक्षीदाराशिवाय अंडं फुटत नाही

जुईनगर,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप मीनावन्सं यांस,

सुनयनाचा नमस्कार. (साष्टांगच घालणार होते, पण उजवा गुडघा वाकत नाही. उभ्याउभ्याच घातला आहे, गोड मानून घ्यावा.)

पेणच्या घराची मागची पडवी आठवते का तुम्हाला? माझ्या लग्नाला दोन महिने झाले होते, तुम्ही माहेरपणाला आला होतात, आणि आपण दोघी पाय पसरून मटार सोलत बसलो होतो. तुमच्या ओच्यात दाणे, माझ्या मांडीवर शेंगा. तुम्ही मला तुमच्या सासूबाईंच्या तपकिरीची गोष्ट सांगत होतात आणि मी हसण्याच्या भरात एक शेंग सालासकट खाल्ली. तेवढ्यात आतून "पाणी!" अशी हाक आली. माठ हाक मारणाऱ्यापासून चार पावलांवर होता आणि आपल्यापासून दोन खोल्या लांब. तुम्ही ओच्यातले दाणे विसरून ताडकन उठलात. दाणे पडवीभर झाले, अंगणात उतरले, काही तर विहिरीच्या कट्ट्यापर्यंत पोचले. पाणी देऊन परत आलात आणि म्हणालात, "बंडूला हातात द्यावं लागतं गं. सवय आहे त्याला." मग त्या दाण्यांमागे रांगताना आपण दोघी किती हसलो! वन्सं, त्या हसण्याबद्दल मी आज जवळजवळ चाळीस वर्षांनी तुमच्यावर रागावले आहे. स्वतःवरही रागावले आहे, पण तुम्ही वडील, म्हणून पहिला मान तुमचा.

तुमची तब्येत कशी आहे? साताऱ्यात थंडी सुरू झाली असेल. कानातलं यंत्र कानात घालता आहात की अजून कपाटात डबीत ठेवलं आहे? (ते कानात घातल्यावरच चालतं असं डॉक्टर म्हणाले होते.) फोन न करता पत्र लिहिते आहे याचं कारण तेच. तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि ज्यांच्याबद्दल बोलायचं ते तुमचे बंधू शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत असतात. ओरडून चुगली करणं मला जमत नाही. शिवाय पुढे अंडं हा शब्द बऱ्याचदा येणार आहे. तुम्ही देवासमोर बसून टपाल उघडता हे मला माहीत आहे, तेव्हा आत्ताच उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसा. तुम्ही इथे येता तेव्हा तुमच्यासाठी जो तवा वापरते तो वेगळा आहे, त्याला कधीही अंडं लागलेलं नाही, याबद्दल निर्धास्त असावं.

तर झालं असं. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन येत्या गुरुवारी, वीस तारखेला आहे. आधी गणपतीत होणार होतं ते पुढे ढकललं, मग दिवाळीनंतर ठरलं. डॉक्टर म्हणाले, आता लांबवाल तर दुसराही जाईल. पाच दिवस हॉस्पिटल, आणि घरी आल्यावर सहा आठवडे वॉकर. सहा आठवडे ओट्यापाशी उभं राहायचं नाही. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाची सोय मी लावली आहे. कोपरखैरण्याच्या गोजराबाई डबा पाठवणार आहेत, त्यांच्या हाताला चव आहे आणि तेलाचा हात आखडता आहे. पण सकाळचं त्या करत नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "ताई, साडेसातला माझ्या स्वतःच्या पोटात च्या नसतो, तुमच्या साहेबांना कुठून घालू?" आणि तुमच्या बंधूंना सकाळी साडेसातला शुगरची गोळी घेतली की अर्ध्या तासात पोटात काहीतरी पडावंच लागतं. पोहे नकोत, उपमा नको, ब्रेड नको, बिस्किट तर नकोच, दोन अंडी द्या असं डॉक्टरांनी बजावलं आहे. घरात परकी बाई ठेवायला यांचा नकार. म्हणजे राहिलं एवढंच, की सदुसष्ट वर्षांच्या माणसाने सकाळी उठून दोन अंडी तव्यावर घालायची आणि खायची. ते जमलं तर माझा गुडघा होणार. नाही जमलं तर मी यांना उपाशी ठेवून हॉस्पिटलात आडवी होऊ शकत नाही. जगातला सगळ्यांत सोपा पदार्थ आहे हो हा. आम्हाला सातवीत सिस्टर ॲग्नेसनी शिकवला होता. पांढरा ॲप्रन, दोन वेण्या वर बांधलेल्या, आणि अंडं आधी वाटीत फोडायचं, थेट तव्यात नाही, कारण एक नासकं निघालं तर बाकीच्यांचा सत्यानाश होतो. (सिस्टर हे मुलींबद्दलही म्हणायच्या.) पाच मिनिटांत तीस मुलींची तीस अंडी तयार असत, आणि त्यातल्या निम्म्या मुली घरी शाकाहारी होत्या.

मी गेल्या आठवड्यात गुरुवारी, सहा तारखेला शिकवणी सुरू केली. दोन आठवडे हातात होते. आता त्यांच्या नोकरीबद्दल थोडं सांगितल्याशिवाय पुढचं तुम्हाला कळणार नाही, कारण तुम्ही साताऱ्यात सगळ्यांना "आमचा बंडू बोटीवर असतो" असं सांगायचात. ते कधीही बोटीवर चढलेले नाहीत. जासईच्या एका यार्डात आलेले कंटेनर बाहेरून तपासायचे, हे त्यांचं अठ्ठावीस वर्षांचं काम. पत्र्याला कुठे पोचा आहे, कुठे गंज आहे, दाराचं सील शाबूत आहे की नाही हे बघायचं, फोटो काढायचा, कागदावर लिहायचं आणि सही करायची. आत काय आहे ते यांनी कधी बघितलं नाही. सील तोडायची वेळ आलीच तर तोडणारा माणूस वेगळा, शेजारी दोन साक्षीदार, आणि हे नुसते लिहिणार. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण माणूस अजून यार्डातच आहे. दारात आलेल्या पार्सलवरही हे आधी चारी बाजूंनी बोट फिरवतात.

पहिल्या दिवशी मी अंडी, तेल, मीठ, मिरपूड, झाकण असं सगळं ओट्यावर ओळीने मांडून ठेवलं आणि खुर्चीत बसून म्हटलं, अहो, करा सुरुवात. सुरुवात म्हणून यांनी डझनभर अंडी उचलून जेवणाच्या टेबलावर नेली. टॉर्च आणला. चष्मा बदलला. एकेक अंडं टॉर्चसमोर धरून फिरवलं, पेन्सिलीने त्यावर नंबर घातला, दोन बाजूंनी फोटो घेतला आणि जुन्या डायरीत लिहू लागले. मी मागून वाचलं. "क्र. ४: वरच्या टोकाला बारीक तडा. क्र. ९: किंचित मळ, कारण अज्ञात." आठ वाजत आले तेव्हा मी उठले आणि क्र. १ आणि क्र. २ स्वतःच तव्यावर घालून यांच्यापुढे ठेवली. खाताना म्हणाले, "नंबर एकचा फोटो जरा हलला होता." मी मनात म्हटलं, असू दे. अजून तेरा दिवस होते.

शुक्रवारी हे चार नंबर आणि नऊ नंबर घेऊन खाली गणूच्या दुकानात गेले. गणू आपल्या सोसायटीखालचा अंडी-ब्रेडवाला. मूळचा इथल्याच गावचा, आमच्या इमारती उभ्या राहायच्या आधीपासून इथला. मी त्यांच्या मागून लंगडत गेले, कारण माझ्या मनात धाकधूक होती. यांनी गणूपुढे एक कागद ठेवला. दोन प्रती होत्या, मध्ये कार्बन. मालाचं नुकसान, फोटो जोडले आहेत, खाली सही करा. गणूने कागद उलटासुलटा करून पाहिला, मग फोटो पाहिले. मग मला म्हणाला, "काकी, काकांना बरा हाय ना?" आणि यांना म्हणाला, "काका, आंडी हायेत ती. कोंबरी देते, मी नाय बनवत. फोटू कारलेत, आता त्यांचा पासपोट बी कारा." दुकानात चार गिऱ्हाइकं होती, ती हसली. हे मात्र गंभीरपणे म्हणाले, "तू सही कर, मग पुढचं बघू." आणि वन्सं, गणूने सही केली हो. वर दोन अंडी बदलून दिली. घरी येईपर्यंत लिफ्टमध्ये हे मला समजावत होते की कागदाची ताकद बघितलीस ना. त्या ताकदीने नाश्ता होत नाही, हे मी चौथ्या मजल्यापर्यंत सांगत होते.

शनिवारी अंडं फोडायचा दिवस. मी न्हाणीघरात होते, डोक्याला शिकेकाई लावलेली, आणि बाहेरून "सुनयना! ये, लवकर ये!" अशी हाक आली. मला वाटलं भाजलं, कापलं, निदान गॅस तरी पेटला. टॉवेल गुंडाळून, भिंतीला धरत धरत, थेंब गाळत स्वयंपाकघरात गेले. तर हे उजव्या हातात सुरी आणि डाव्या हातात अंडं घेऊन पुतळ्यासारखे उभे. मी म्हटलं काय झालं? म्हणाले, "काही नाही. तू समोर असल्याशिवाय फोडणार कसं?" मला आधी वाटलं थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. म्हणाले, "मी आजवर एकही सील तोडलेलं नाही. आत काय निघेल त्याची जबाबदारी असते गं. साक्षीदार लागतो." माझ्या डोळ्यांत शिकेकाई उतरत होती. मी तिथे उभी राहिले. यांनी सुरीच्या पाठीने अंड्यावर टिचक्या मारल्या आणि कानाजवळ नेऊन आवाज ऐकला. (पत्रा आतून कुजला आहे का ते असं ऐकून कळतं म्हणे.) पुन्हा टिचकी, पुन्हा कान. मी म्हटलं, फोडा! जोरात म्हटलं. त्यामुळे दचकून यांनी असा काही घाव घातला की पहिलं अंडं ओट्याच्या कडेवरून ड्रॉवरमध्ये, चमच्यांत गेलं. दुसरं वाटीत पडलं, पण त्यात टरफलाचा इतका चुरा होता की ते दळलेलं वाटत होतं. तिसऱ्याचा निम्मा भाग यांच्या सदऱ्याच्या खिशात गेला. तिथे पेन होतं. ते पेन तुम्ही यांना साठीला दिलेलं, म्हणून तुम्हाला कळवणं माझं कर्तव्य आहे.

मी उकडून खा म्हटलं. पाण्यात टाकायची, बारा मिनिटं, संपला विषय. ते यांना मान्य नाही. का, तर आत काय चाललं आहे ते दिसत नाही. वन्सं, अठ्ठावीस वर्षं ज्या माणसाने बंद दाराच्या आत काय आहे ते न बघता सही केली, तो मला सांगतो की अंड्याच्या आतलं दिसलं पाहिजे!

रविवारी गॅस पेटवण्यापर्यंत मजल गेली. तेल उडतं असं मी आदल्या दिवशी बोलून गेले होते, ती माझी चूक. सकाळी सात वाजता हे यार्डातलं पिवळं हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल आणि ते अंधारात चमकणारं जाकीट घालून ओट्यापाशी हजर. मी माझा फुलाफुलांचा ॲप्रन दिला होता, तो यांना शोभत नाही म्हणे, आणि हे शोभतं. त्यात एकेक अंडं झालं की पाइपवरचा गॅसचा मुख्य कॉक बंद करायचा, टाळा लावल्यासारखा ओढून बघायचा, मग दुसरं अंडं हातात घ्यायचं. त्यामुळे दुसरं होईपर्यंत पहिलं गार, आणि ते झाकायला जाईपर्यंत दुसरं करपलेलं. समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत येऊन बघत होती, त्यांना वाटलं आमच्याकडे गॅसगळती झाली. त्याच वेळी बंगळूरहून ईश्वरीचा व्हिडिओ कॉल आला. लेकीने बापाचं ते रूप बघितलं आणि म्हणाली, "अय्या, बाबा किती क्यूट दिसताहेत! आई, एक फोटो पाठव ना." मी फोन बंद केला. जवळजवळ चाळीस वर्षं रोज सकाळी मी त्या ओट्यापाशी उभी राहिले, ताप असताना, ती पोटात असताना, माझी आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा. तेव्हा कुणाला मी क्यूट दिसले नाही. माझा कुणी फोटो मागितला नाही. एक माणूस हेल्मेट घालून एक अंडं करपवतो आणि सगळं घर विरघळतं. तुम्हाला राग येत नाही? मला इतका आला की मी ते करपलेलं अंडं खाऊन टाकलं. यांना मिळू नये म्हणून.

आता सोमवारचं. हे लिहिताना माझं अक्षर बिघडलं तर समजून घ्या. सोमवारी मी ठरवून खोलीत बसून राहिले. म्हटलं, मी हॉस्पिटलात आहे असं समजून करू देत. साडेसातला यांनी गोळी घेतली, ते मी ऐकलं. मग भांड्यांचे आवाज, कॉकचा आवाज, मग बराच वेळ काही नाही. आठ वाजून गेले, सव्वाआठ झाले. शेवटी मी उठून गेले. हे ओट्यापाशी जमिनीवर बसले होते, फडताळाला टेकून. कपाळावर घाम, ओठ पांढरे, आणि मांडीवर डायरी. वाटीत अंड्यांत टरफल पडलं होतं, ते चमच्याने काढता काढता, किती तुकडे निघाले ते लिहिता लिहिता वेळ गेला होता. सतरा तुकडे. अठरावा शोधत असताना चक्कर आली. मी साखरेचा डबा ओढला, पण मला खाली बसता येईना. वन्सं, माझा माणूस माझ्या पायाशी बसलेला, आणि गुडघा वाकत नाही म्हणून मला त्याच्याजवळ पोचता येत नाही. शेवटी स्टूल ओढून त्यावर बसले आणि वरून वाकून, पक्ष्याच्या पिल्लाला भरवावं तशी चमच्याने साखर घातली तोंडात. दहा मिनिटांत माणसात आले. पहिलं वाक्य म्हणाले, "तू घाबरलीस का?" मग मी यांना इंग्रजीत झापलं. (माझ्या शाळेचा एवढाच उपयोग राहिला आहे. मला राग इंग्रजीत येतो आणि रडू मराठीत.) ईडियट म्हटलं, इरिस्पॉन्सिबल म्हटलं, स्टुपिड ओल्ड मॅन म्हटलं, आणि सिस्टर ॲग्नेसनी ऐकलं असतं तर दोन तास बाकावर उभं केलं असतं असं आणखी एक म्हटलं. हे मान खाली घालून ऐकत होते. मग मराठी सुरू झालं, तेव्हा यांनी उठून मला पाणी आणून दिलं.

तर हा असा प्रकार. म्हणून मी तुमच्यावर रागावले आहे. तुम्ही आणि सासूबाईंनी या माणसाला संत्रंसुद्धा सोलून, बिया काढून, पाकळ्या ताटलीत मांडून दिलंत. मोजे उलटे काढले तर सुलटे केलेत. मी सून म्हणून आले तेव्हा तुम्ही तो सगळा कारभार मला सोपवलात, आणि मी शहाणी, इंग्रजीत निबंध लिहून बक्षीस मिळवलेली मुलगी, तो हसत घेतला. दहा वर्षांपूर्वीच जर आपण दोघींनी यांच्या हातात एक अंडं दिलं असतं! यांचा दोष नाही असं नाही. आहेच, भरपूर आहे. पण ज्याला अठ्ठावीस वर्षं दुसऱ्याने फोडलेल्या सीलबद्दल लिहायचे पैसे मिळाले, आणि घरी दुसरीने फोडलेली अंडी ताटात मिळाली, त्याने हे शिकायचं कुठे?

तेव्हा मी असं ठरवलं आहे की येत्या सोमवारी हॉस्पिटलला फोन करून ऑपरेशन संक्रांतीनंतरचं घ्यायचं. यांची अशी अवस्था असताना मी जाऊ शकत नाही, हे तुम्हालाही पटेल. डॉक्टर बोलतील, बोलू देत. त्यांना कुणीतरी तयार नाश्ता देत असणार. ईश्वरीलाही तसंच कळवते. तुम्ही मात्र यांना याबद्दल पत्र किंवा फोन करू नये, आणि "बंडू, मी येते रे" असं तर मुळीच म्हणू नये. तुम्ही आलात की शिकलेलं सगळं दोन दिवसांत पुसलं जाईल. भाऊजींना आणि घरात सगळ्यांना नमस्कार. थंडीत पहाटे फुलं तोडायला अनवाणी जाऊ नका.

तुमची,
सुनयना

ता.क. हे पत्र मी पाकिटात घालून डिंक लावला होता, आणि आता पुन्हा उघडलं आहे. सोमवारनंतरचं मी काहीच लिहिलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मंगळवारी सकाळी सव्वासातला जाग आली तेव्हा हे शेजारी नव्हते. मी हाक मारणार होते, पण मारली नाही, पडून ऐकत राहिले. दिव्याचं बटण. मग टिचकी. मग दुसरी टिचकी. मी वाट बघत होते, आता "सुनयना, ये" अशी हाक येणार. हाक आली नाही. अंडं फुटल्याचा आवाज आला, अगदी बारीक, स्वच्छ. मग दुसरं, मग आणखी दोन. मग तेलाचा. साडेसातला गोळी घेऊन पाच मिनिटांत हे दोन ताटल्या घेऊन खोलीत आले. हेल्मेट नाही, जाकीट नाही, डायरीही नाही. कडा सोनेरी, मधलं पिवळं डोळ्यासारखं उभं, मीठ नेमकं. मी त्याकडे बघितलं आणि म्हटलं, कच्चं आहे. ताटली परत दिली. हे ती घेऊन स्वयंपाकघरात गेले. नंतर फ्रिजवर एक चिठ्ठी सापडली: "माल वेळेवर पोचला. घेणाऱ्याने नाकारला. कारण दिलं नाही." बुधवारी तसंच, काल तसंच, आज तसंच. हे आंघोळीला गेले की ती ताटली मी चाटूनपुसून संपवते. इतकं चांगलं मी स्वतः कधी केलं नसेल. आणि वन्सं, या पत्रातल्या सगळ्या रागांपेक्षा मोठा राग मला त्याचाच आला आहे. कारण आता माझ्याकडे काही कारणच उरलं नाही.

मला यांच्या नाश्त्याची भीती नव्हती. कमरेत देतात त्या इंजेक्शनची आहे. त्या हिरव्या टोपीची आहे. आत नेताना बांगड्या, मंगळसूत्र काढून एका पिशवीत घालतात आणि पिशवीवर नाव लिहितात, त्याची आहे. गणपतीचं कारण काढलं तेव्हाही तीच होती. सोमवारी मी फोन करणार नाही. तुमचे दोन्ही गुडघे झाले तेव्हा तुम्ही मला "काही नसतं गं" म्हणाला होतात, ते मला आता नको आहे. खरं काय असतं ते सांगायला बुधवारी दुपारच्या गाडीने या. यंत्र कानात घालून या, कारण मला ते ओरडून विचारायचं नाही. आणि बंडूकडे येऊ नका. आजवर दर खेपेला त्यांच्याकडेच आलात. या वेळी माझ्याकडे या.

ता.ता.क. डॉक्टर म्हणतात हल्ली या ऑपरेशनात काही होत नाही. तरी लिहून ठेवलेलं बरं, आणि ईश्वरीला सांगितलं तर ती फोनवरच रडेल, म्हणून तुमच्याकडे ठेवते. मोत्याच्या कुड्या ईश्वरीला. तिला त्या जुनाट वाटतात, तरीही तिलाच. शिवणाचं मशीन पायट्यासकट गोजराबाईंना, त्यांची धाकटी मुलगी ब्लाउज शिवायला शिकते आहे. शाळेत बक्षीस मिळालेली इंग्रजी डिक्शनरी गणूच्या मुलीला, ती यंदा दहावीला आहे. पहिल्या पानावर माहेरच्या आडनावाने माझं नाव आहे, ते तिने खोडू नये. जांभळं इरकल तुम्हाला. तुम्ही एकदा दिवाळीत त्याच्या काठावरून दोनदा हात फिरवला होतात, मी बघितलं होतं, आणि काही न बोलता घडी करून आत ठेवलं होतं. वाईट वागले. चिनी मातीच्या दोन बरण्या ज्याला हव्या त्याने न्याव्यात. तुमच्या भावाची मात्र कुणी वाटणी करू नये. ईश्वरीने बंगळूरला नेऊ नये, तुम्ही साताऱ्याला नेऊ नये. त्यांना इथेच, त्यांच्या ओट्यापाशी राहू द्यावं. दोन वेळचा डबा येतो, आणि सकाळचं त्यांना जमतं.